ओल्या दळणातून औषधाचे नॅनोकण

पाण्यात न विरघळणारं औषध पोटात जाऊनही रक्तात पोहोचत नाही, ही औषधनिर्मितीची जुनी डोकेदुखी. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त आणि विरघळणं लवकर, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. पण कोरडं दळून काही मायक्रॉनपर्यंतच (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मजल जाते. त्याखाली कण एकमेकांना चिकटू लागतात.

यंत्र मात्र तयारच होतं, रंगाच्या कारखान्यांत. रंगद्रव्य द्रवात कालवून त्यात वाळू किंवा मणी घालायचे आणि ते वेगाने घुसळायचे, ही पद्धत तिथे १९५०च्या दशकापासून रुळली होती. फोटो-फिल्मसाठी रंगांचे सूक्ष्म कण पाण्यात पसरवण्यात कोडॅकचा हात बसलेला होता. १९८८ मध्ये कोडॅकने स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी विकत घेतली आणि दोन्हीकडचे जाणकार एकत्र आले. गॅरी लिव्हर्सिज आणि सहकाऱ्यांना १९९२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं: औषधाचे ४०० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) लहान स्फटिक, त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेल्या स्थिरकारकासह, म्हणजे कणांना एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पदार्थासह.

माझ्या मते खरा शोध या स्थिरकारकाचा आहे. मण्यांच्या माऱ्याने स्फटिक फुटला की उघडा पडलेला नवा पृष्ठभाग लगेच शेजारच्या कणाला धरू पाहतो. स्थिरकारक म्हणून पाण्यात मिसळलेलं पॉलिमर त्याआधीच तिथे जाऊन बसलं पाहिजे. ते चुकीचं निवडलं, तर तासन्‌तास दळूनही गुठळ्याच हाती येतात. दुसरी अडचण झिजेची. मण्यांचा चुरा औषधात उतरून चालत नाही, म्हणून काच आणि सिरॅमिकबरोबरच कठीण पॉलिस्टायरीनचे मणीही वापरात आले.

फरक किती पडला? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीगल कुत्र्यांना डॅनाझोल हे पाण्यात जवळपास न विरघळणारं औषध दिलं गेलं. सुमारे १० मायक्रॉनच्या कणांतून जेमतेम ५ टक्के औषध रक्तात पोहोचलं, १६९ नॅनोमीटरच्या कणांतून ८२ टक्के. औषध तेच होतं, बदलला होता फक्त कणांचा आकार!

२००० मध्ये अमेरिकेत सिरोलिमसच्या गोळीला मान्यता मिळाली. या तंत्राने बनलेलं बाजारातलं ते पहिलं औषध. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना तोवर हेच औषध फ्रिजमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या द्रवरूपात घ्यावं लागे. पाठोपाठ २००३ मध्ये केमोथेरपीतल्या उलट्यांवरचं अ‍ॅप्रेपिटंट आलं. २००९ मध्ये स्किझोफ्रेनियावरच्या पॅलिपेरिडोनचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं, तेव्हा हेतूच पालटला होता: सुईतून सहज जाणारे, पण स्नायूत राहून सावकाश विरघळणारे कण हवे होते.