वेल्फ घराणे

वेल्फ घराणे : मध्ययुगीन जर्मनीतील एक बलाढ्य सरदार घराणे. त्याच्या जुन्या जहागिरी दक्षिणेस स्वाबियात, बोडन सरोवराच्या उत्तरेला होत्या. पुढे सत्तेचे केंद्र उत्तरेकडे, सॅक्सनीतील ब्राउनश्वाइग येथे सरकले. बाराव्या शतकात सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन्ही प्रांतांचे ड्यूकपद काही काळ एकाच वेल्फ पुरुषाकडे होते.

घराण्याचा उत्कर्ष लढायांपेक्षा सोयरिकींनी झाला. काउंट वेल्फची मुलगी युडिथ ८१९ मध्ये फ्रँक सम्राट लुई द पायस याची दुसरी पत्नी झाली. १०५५ मध्ये वेल्फ तिसरा निपुत्रिक वारला, तेव्हा त्याने आपली इस्टेट वाइनगार्टनच्या मठाला देऊ केली होती. त्याची आई इमित्सा हिने ते मानले नाही. तिने लेकीच्या मुलाला इटलीतून बोलावून वारस केले. त्यामुळे पुढचे सगळे वेल्फ पुरुषवंशाने इटलीतील एस्ते घराण्याचे ठरतात. हा नातू, वेल्फ चौथा, १०७० मध्ये बव्हेरियाचा ड्यूक झाला. त्याच्या एका मुलाने टस्कनीच्या माटिल्डाशी केलेला विवाह मोडला, पण दुसऱ्याला सॅक्सनीतील बिलुंग घराण्याची मुलगी मिळाली आणि तिच्याबरोबर ल्यूनेबुर्गच्या जमिनी आल्या. नातवाने, हाइनरिख द प्राउडने, ११२७ मध्ये राजा लोथार तिसरा याच्या एकुलत्या एक मुलीशी लग्न केले. ब्राउनश्वाइगही त्याच वाटेने आले.

या वैभवानेच घात केला. जर्मन राजाची निवड मोठे सरदार आणि धर्माधिकारी करत, आणि आपल्या डोक्यावर बसेल असा राजा त्यांना नको होता. ११३७ मध्ये लोथार वारल्यावर त्याचा जावई राजा होणार असे दिसत असताना ११३८ मध्ये होहेनश्टाउफेन घराण्याचा कॉनराड तिसरा निवडला गेला. हाइनरिखची दोन्ही ड्यूकपदे गेली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. सम्राट फ्रीडरिख बार्बारोसा याची आई वेल्फांचीच मुलगी होती. तरीही दोन घराण्यांतील हे वैर मिटले नाही. इटलीत तर पोपचा पक्ष आणि सम्राटाचा पक्ष यांना याच वैरातून ग्वेल्फ आणि गिबेलिन ही नावे मिळाली.

प्राउडचा मुलगा हाइनरिख द लायन हा घराण्यातला सर्वांत कर्तबगार आणि सर्वांत हट्टी पुरुष. ११४२ मध्ये सॅक्सनी आणि ११५६ मध्ये, ऑस्ट्रिया वेगळे काढून, बव्हेरिया त्याला परत मिळाले. म्युनिकची बाजारपेठ त्याने ११५८ मध्ये उभी केली, पुढच्या वर्षी ल्यूबेक नव्याने वसवले आणि इंग्लंडच्या राजाची मुलगी केली. मात्र पैशाच्या बाबतीत तो फार लांबचा हिशोब करी. त्याचा चुलता वेल्फ सहावा याचा एकुलता मुलगा ११६७ मध्ये रोमच्या मोहिमेत साथीने वारला. म्हाताऱ्याने रोकड घेऊन दक्षिणेकडील इस्टेट पुतण्याला देऊ केली. चुलता लवकरच जाईल या हिशोबाने हाइनरिखने पैसे थकवले. चुलत्याने मग व्यवहार बार्बारोसाशी उरकला, आणि स्वतः ११९१ पर्यंत जगला!

११७६ मध्ये इटलीच्या मोहिमेसाठी बार्बारोसाने मदत मागितली, तेव्हा हाइनरिखने बदल्यात चांदीच्या खाणींचे गोस्लार मागितले. सम्राटाने ते दिले नाही, मदतही मिळाली नाही, आणि लेन्यानोच्या लढाईत त्याचा पराभव झाला. सॅक्सन सरदारांच्या तक्रारी आधीपासून होत्याच. दरबारातील बोलावण्यांना हाइनरिख हजर राहिला नाही, म्हणून ११८० मध्ये त्याची दोन्ही ड्यूकपदे काढून घेतली गेली. सॅक्सनीची वाटणी झाली आणि बव्हेरिया विटल्सबाख घराण्याकडे गेले. हाइनरिखला सासऱ्याकडे इंग्लंडला जावे लागले.

त्याचा मुलगा ओटो चौथा १२०९ मध्ये सम्राट झाला. घराण्यातला तो एकमेव सम्राट. वर्षभरात पोपने त्याला बहिष्कृत केले आणि १२१४ मध्ये बुव्हीनच्या लढाईत फ्रान्सच्या राजाने त्याचे बळ मोडले.

ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्ग येथील खासगी जमिनी मात्र ११८० नंतरही घराण्याकडेच होत्या. १२३५ मध्ये हाइनरिख द लायनचा नातू ओटो द चाइल्ड याने त्या सम्राटाच्या स्वाधीन केल्या आणि नव्या ड्यूकपदाच्या रूपाने परत घेतल्या. १२६९ पासून भावाभावांत वाटण्या होत गेल्या आणि राज्याचे तुकडे पडले. त्यांतल्याच एका शाखेला १६९२ मध्ये हानोव्हरचे इलेक्टरपद, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले पद, मिळाले आणि १७१४ मध्ये तिचा वंशज पहिला जॉर्ज ब्रिटनचा राजा झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा लंडनच्या गादीवर असलेला तिसरा जॉर्ज हाही वेल्फच होता.