गिरकीनंतरची घेरी आणि मेंदूचा रियाज

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत कथकच्या वर्गांत आता मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या बॅचही दिसू लागल्या आहेत, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिल्यांदाच नाचायला उभ्या राहिलेल्या चाळिशीतल्या विद्यार्थिनी तिथे भेटतात. सुरुवातीचे काही आठवडे ‘ता थेई थेई तत्’ सुरळीत चालते. मग गिरक्यांची पाळी येते, चौथ्या-पाचव्या गिरकीला भिंतीचा आधार शोधावा लागतो आणि घरी ‘या वयात हे उद्योग कशाला’ असे ऐकून घ्यावे लागते. गिरकीनंतर घेरी येणे हे वय झाल्याचे किंवा अशक्तपणाचे लक्षण आहे, हा समज चुकीचा आहे. निरोगी माणसाच्या कानाची रचनाच अशी आहे की सराव नसताना गिरकी घेतली तर घेरी यायलाच हवी.

प्रत्येक कानाच्या आतल्या भागात एकमेकींना साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि प्रत्येक नलिकेच्या फुगीर टोकाशी जेलीसारखा एक लवचीक पडदा असतो, ज्यात केशपेशींची, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या पेशींची, सूक्ष्म टोके रुतलेली असतात. पाण्याने भरलेली वाटी झटकन गोल फिरवली तर वाटी फिरते आणि पाणी क्षणभर जागीच राहते. डोके फिरू लागले की नलिकेतही तेच घडते. जडत्वामुळे मागे राहिलेला द्रव पडद्याला ढकलतो, केशपेशींची टोके वाकतात, आणि ज्या बाजूला आपण वळत असतो त्या कानाच्या मज्जातंतूतील संदेशांची दर सेकंदाची संख्या वाढते, तर दुसऱ्या कानाची घटते. या फरकावरून मेंदू वळण्याची दिशा आणि गती ओळखतो.

गिरक्या चालू राहिल्या तर द्रव हळूहळू नलिकेची गती पकडतो आणि पडदा सरळ होऊ लागतो. खरी अडचण थांबल्यावर होते. समेवर पाय स्थिर होतो, पण द्रव पुढे जातच राहतो आणि पडद्याला उलट्या बाजूला वाकवतो, म्हणून आपण उलट दिशेने फिरत आहोत असे मेंदूला वाटते. अशा वेळी शेजारणीच्या डोळ्यांकडे निरखून पाहावे: बुबुळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्यात परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा परततात. नजर स्थिर ठेवण्यासाठी मेंदू डोळ्यांना जी आज्ञा देतो ती आता चुकीच्या माहितीवर दिली जात असते, आणि म्हणून समोरचा आरसा व भिंत फिरताना दिसतात.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. कानातला पडदा साधारण 4 ते 6 सेकंदांच्या कालमानाने मूळ जागी येतो, परंतु फिरण्याचा भास त्यापेक्षा बराच जास्त टिकतो, कारण मस्तिष्कस्तंभातील, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील, चेतापेशींचे जाळे कानाचा संदेश साठवून लांबवते. ही साठवण किती काळ चालू द्यायची याचे नियंत्रण अनुमस्तिष्काच्या, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूच्या, तळाकडील भागाकडे असते. कानाची बातमी आणि डोळ्यांची बातमी यांत वारंवार विसंगती आढळली की अनुमस्तिष्क तिथल्या जोडण्यांची ताकद बदलते आणि साठवण आखूड होत जाते. रियाजाने कान बदलत नाही. कानाच्या बातमीला किती महत्त्व द्यायचे हा मेंदूचा हिशेब बदलतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी 2013 मध्ये 29 बॅले नर्तिका आणि 20 नौकाचालक स्त्रिया यांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसवून ही गोष्ट तपासली. खुर्ची थांबल्यानंतर नर्तिकांना होणारा फिरण्याचा भास कमी काळ टिकला. गिरकी घेताना नर्तक नजर एका बिंदूवर रोखतात, पण अंधारात हे तंत्र उपयोगी पडण्याची शक्यताच नव्हती, त्यामुळे हा फरक मेंदूतलाच मानावा लागतो, आणि कानाचे संदेश हाताळणाऱ्या अनुमस्तिष्काच्या भागातही दोन्ही गटांत फरक आढळला.

या नर्तिका लहानपणापासून शिकलेल्या होत्या, असा आक्षेप रास्त आहे. मात्र प्रौढ मेंदूलाही हे जमते याचा पुरावा वैद्यकशास्त्रात आहे. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी तोल बिघडलेल्या प्रौढ रुग्णांसाठी डोके व डोळे मुद्दाम हलवण्याचे व्यायाम तयार केले, आणि त्यांवर आधारलेले व्यायाम आजही दिले जातात. यामागे कोणतीही गूढ शक्ती नाही. घेरी आल्यावर दृष्ट काढण्याने काही साधत नाही, आणि ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली मेंदू जागा करून देण्याचे जे वर्ग भरतात त्यांच्या दाव्यांनाही शास्त्रीय आधार नाही. अनुमस्तिष्क जागेच असते. त्याला हवी असते ती पुनःपुन्हा येणारी चूक.

म्हणूनच आठवड्यातून एकदा घेरी येईपर्यंत फिरण्यापेक्षा रोज तीन-चार गिरक्या घेऊन, थांबून, भिंत स्थिर दिसू लागल्यावर पुन्हा सुरुवात करणे योग्य. चक्कर थांबवणारी गोळी घेऊन वर्गाला जाऊ नये, कारण अशा अनेक गोळ्या कानाकडून येणारे संदेशच दाबतात आणि ज्या विसंगतीतून मेंदू शिकतो तीच मंदावते. गिरकी न घेता, अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना खोली फिरत असेल, तर मात्र तो प्रश्न रियाजाचा नाही. नलिकेत कॅल्शियमचे सूक्ष्म कण शिरल्यानेही तसे होते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते कण बहुधा जागेवर आणू शकतात, आणि त्यानंतर वर्ग पुन्हा सुरू करता येतो.