जेवणानंतर चालताना छातीत जळजळ: पित्त की हृदयशूल?

जेवून शतपावलीला निघालेल्या माणसाच्या छातीत जळजळू लागले की घरातले सगळे पित्तालाच दोष देतात. ज्याला हृदयविकार असल्याचे ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण हृदयशूल म्हणजेच अंजायनाही अनेकदा जेवणानंतर चालतानाच उठतो. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनातही, विशेषतः जेवणानंतर लवकरच चालताना येणारी आणि थांबताच ओसरणारी कळ नोंदलेली आहे.

यामागचे कारण सरळ आहे. जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे अधिक रक्त जाते आणि तेवढा पुरवठा करण्यासाठी हृदयाचे काम एक-दोन तास वाढलेले राहते. त्यात भरभर चालण्याची किंवा जिन्याची भर पडली की अरुंद झालेल्या धमन्यांतून हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही. म्हणूनच सकाळी दोन किलोमीटर आरामात चालणाऱ्याला पुरणपोळीच्या जेवणानंतर पहिल्याच मजल्यावर थांबावे लागू शकते.

पित्ताच्या त्रासात जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येते. घशाशी आंबट पाणी येते, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर जळजळ वाढते आणि ती तासन्‌तास रेंगाळू शकते. हृदयशूलात बहुधा छाती आवळल्यासारखी किंवा दडपल्यासारखी वाटते. ही वेदना डावा हात, मान किंवा जबड्यापर्यंत जाते, श्रमाबरोबर वाढते आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरते. मात्र मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये वेदनेऐवजी नुसती धाप, घाम किंवा मळमळ जाणवू शकते, आणि काही जण हृदयशूलाचेही वर्णन जळजळ असेच करतात.

सर्वांत मोठी फसगत औषधाने आराम पडल्यामुळे होते. पित्ताची गोळी घेण्यासाठी माणूस चालणे थांबवून खाली बसतो. त्या विश्रांतीनेच हृदयशूल उतरतो आणि श्रेय मात्र गोळीला मिळते. उलट बाजूनेही हेच घडते. हृदयशूलासाठी जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट या गोळीने अन्ननलिकेच्या पेटक्यालाही उतार पडू शकतो. त्यामुळे कोणत्या गोळीने बरे वाटले यावरून निदान करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजीही हृदयशूल असताना सामान्य येऊ शकतो.

हृदयरुग्णाने भरपेट जेवणानंतर व्यायामाआधी साधारण दोन तास जाऊ द्यावेत. सकाळच्या फेरीआधी एखादे केळे किंवा तेवढाच हलका आहार पुष्कळांना चालतो. इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघावे का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

छातीतला त्रास पहिल्यांदाच झाला असेल, पूर्वीपेक्षा कमी श्रमात होऊ लागला असेल किंवा वारंवार होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि जेवणानंतर किती वेळाने, कितव्या पायरीवर त्रास सुरू झाला आणि थांबल्यावर तो किती मिनिटांत गेला, हे नेमके सांगावे. बसूनही पाच-दहा मिनिटांत वेदना उतरत नसेल, किंवा सोबत दरदरून घाम आणि धाप असेल, तर पित्त आहे की हृदय याचा खल करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये.