हाड पांढरं होतं ते चरबी गेल्यावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. शेपटीची खालची बाजू पांढरी असलेलं ‘व्हाइट-टेल’ हरीण इथे इतकं आहे, की शिकार हा गावोगावचा घरगुती रिवाजच झाला आहे. मांस फ्रीझरमध्ये जातं. नर असेल तर शिंगांसकट कवटी साफ करून भिंतीवर लावतात. कातडं, डोळे काही नाही, नुसतं हाड आणि शिंगं. याला इथे ‘युरोपियन माऊंट’ म्हणतात.

अशी कवटी तयार होताना मी पहिल्यांदा पाहिली ती शेजाऱ्यांच्या अंगणात. गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं आणि त्यात खळखळ उकळणारं डोकं. दोन-तीन तासांत मांस सुटून आलं, मग कवटी ब्लीचच्या बादलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी खडूसारखी पांढरी होऊन बाहेर आली. पण नाकातली पातळ हाडं पातेल्याच्या तळाशी राहिली होती. उन्हाळा आला तसे शिंगांच्या बुडाशी पिवळे, तेलकट डाग उमटले, आणि कवटीवरून बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागू लागली. या तिन्ही गोष्टींची कारणं हाडाच्या घडणीत आहेत.

हाड दगडासारखं दिसतं, पण ते दोन पदार्थांचं मिश्रण आहे. वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा. उरलेल्यात बहुतांश कोलॅजेन हे प्रथिन, आणि थोडं पाणी. खनिजामुळे हाड कडक राहतं, कोलॅजेनमुळे चिवट. कोलॅजेन गेलं की उरतो तो ठिसूळ खडू.

पाया सूप करणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. बकऱ्याचे पाय तासन् तास उकळले की रस बोटांना चिकटतो आणि थंड झाल्यावर थिजतो. ते जिलेटिन म्हणजे उष्णतेने उलगडलेलं कोलॅजेन. सुपासाठी हे हवंच असतं, कवटीसाठी मुळीच नको. खळखळ उकळलेल्या कवटीतून तिचा चिवटपणाच पाण्यात उतरतो. कवटीच्या हाडांमधल्या नागमोडी शिवणी सैल पडतात, आणि नाकाच्या पोकळीतली कागदासारखी पातळ, गुंडाळी झालेली हाडं तुटून पडतात. हिवाळ्यात आत येणारी थंड हवा याच गुंडाळ्यांवरून जाताना गरम आणि ओलसर होते, आणि हरणाचं तीक्ष्ण घ्राणेंद्रियही याच भागात आहे. कवटीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा हा भाग दोन तासांच्या घाईत जावा, याची खरोखर हळहळ वाटते.

उकळण्याचा दुसरा तोटा चरबीचा. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात मज्जा आणि चरबी असते. जोरात उकळलं की ती वितळून बारीक छिद्रांत खोलवर शिरते आणि थंड झाल्यावर तिथेच थिजते. महिन्यांनी ती हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पिवळी पडते. वरून कितीही पांढरं केलं तरी हा डाग आतून येतच राहतो.

मग मांस काढायचं कसं? घाई नसेल तर सगळ्यांत चांगला मार्ग जिवाणूंचा. कातडी सोलायची, डोळे, जीभ आणि जमेल तेवढं मांस सुरीने काढायचं. कवटीच्या मागच्या बाजूला मणका जिथे जुळतो, तिथे एक मोठं भोक असतं. त्यातून तार घालून आणि पाण्याचा झोत सोडून मेंदू बाहेर काढायचा. नंतर कवटी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, पण शिंगं पाण्याच्या वर राहतील अशी. पाणी कोमट, तीसेक अंश सेल्सिअस, ठेवण्यासाठी मत्स्यपेटीतला हीटर उपयोगी पडतो. दोन-चार आठवड्यांत जिवाणू सगळं मऊ मांस खाऊन टाकतात आणि हाडाला धक्काही लावत नाहीत. पाणी बदलताना थोडं जुनं पाणी ठेवावं, कारण कामकरी जिवाणू त्यातच असतात. वास मात्र भयंकर येतो. प्रथिनं कुजताना तयार होणाऱ्या पुट्रेसीन आणि कॅडॅव्हरीनसारख्या रसायनांचा त्यात मोठा वाटा असतो, म्हणून हे काम घरापासून दूर करावं. पाणी ओतून देण्याआधी गाळून घ्यावं, कारण सुटे दात तळाशी बसतात. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ गवत-पाला तोडायला असतात. हे पहिल्यांदा पाहणारा ‘दात हरवले’ म्हणून उगाच तळ शोधत बसतो.

संग्रहालयं याच कामाला डर्मेस्टिड भुंगेरे लावतात. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्यांच्या वसाहती पाळलेल्या आहेत. वाळलेलं मांस खाण्याचं मुख्य काम त्यांच्या केसाळ अळ्या करतात आणि त्या नाकातल्या नाजूक गुंडाळ्याही शाबूत ठेवतात. कोकणात सुक्या मासळीला जी कीड लागते, तिच्यात याच कुळातले भुंगेरे असतात. मासळीच्या डब्यात नकोसा असलेला हा किडा प्रयोगशाळेत मोलाचा ठरतो. पण तो मोकळा सुटला तर संग्रहातली कातडी आणि पिसंही खाऊन टाकील, म्हणून त्याची खोली बंदिस्त आणि वेगळी ठेवतात.

एवढं थांबायचं नसेल तर गरम पाणी वापरता येतं, पण उकळायचं नाही. वाफा याव्यात, बुडबुडे फुटू नयेत. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालायचा. वीस-तीस मिनिटांनी बाहेर काढून सुटलेलं मांस खरवडायचं, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि खरं काम तिथेच आहे. कवटी भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात ठेवून द्यायची. साबणाच्या रेणूचं एक टोक चरबीला धरतं, दुसरं पाण्याला, आणि छिद्रांतली चरबी थेंबाथेंबाने बाहेर येते. पाण्यावर तवंग दिसला किंवा पाणी गढूळ झालं की ते बदलायचं. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. याला काही आठवडे लागतात, आणि जाड हाडाच्या मोठ्या नराला त्याहूनही जास्त.

मग पांढरं करणं. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, इथे वापरू नये. ते डागांबरोबर कोलॅजेनही तोडतं आणि छिद्रांत उरलेला अंश पुढेही हाड पोखरत राहतो. शेजाऱ्यांच्या कवटीवरची भुकटी त्यातूनच आली होती. शिवाय चरबी काढायला कुणी अमोनिया वापरलेला असेल आणि त्यावर ब्लीच पडलं, तर क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो.

योग्य पदार्थ आहे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं चालतं, फक्त दिवस जास्त लागतात. केस रंगवणाऱ्यांकडे ‘40 व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं मिळतं, ते साधारण बारा टक्क्यांचं असतं. ‘40 व्हॉल्यूम’चा अर्थ असा, की एका लिटर द्रावातून चाळीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. रंग दिसतो तो काही रेणूंमधल्या विशिष्ट बंधांमुळे. पेरॉक्साइड ते बंध तोडतं, आणि रेणू तिथेच राहिला तरी त्याचा रंग जातो. रक्ताचा अंश उरला असेल तर त्यातलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं झपाट्याने पाणी आणि ऑक्सिजन करतं आणि फेस येतो. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर येतो तोच हा फेस. म्हणून भांडं प्लास्टिकचं घ्यावं, धातूचं नाही, आणि झाकण घट्ट लावू नये, आतल्या वायूने ते फुटू शकतं. द्राव गरम करू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच, बारा टक्क्यांचा द्राव त्वचा भाजतो.

शिंगांना पेरॉक्साइड लागता कामा नये. हरणाची शिंगं ही भरीव हाडंच, दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. त्यांचा तपकिरी रंग वाळलेलं रक्त आणि झाडांच्या सालीवर घासल्याने लागलेला रस यांचा असतो. तो एकदा उडाला की परत येत नाही. शिंगांचं बूड प्लास्टिकने गुंडाळून टाकावं. तिथल्या हाडाला पेरॉक्साइडची क्रीम ब्रशने लावणं सोपं पडतं.

या सगळ्याआधी एक गोष्ट मात्र तपासून घ्यायची असते. अमेरिकेतल्या हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा हरणाला खंगवत मारणारा रोग पसरतो आहे. तो 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आढळला. त्याचं कारण जिवाणू किंवा विषाणू नाही. प्रायॉन नावाचं चुकीच्या घडीचं प्रथिन मेंदूत आणि लसीका-गाठींत साचतं. शिजवून किंवा उकळून ते नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही रोगट हरणाचं मांस खाऊ नये असंच आरोग्य यंत्रणा सांगतात. चाचणीसाठी घशामागच्या गाठी लागतात, त्यामुळे डोकं साफ करण्याआधीच नमुना द्यावा लागतो. मेंदू आणि खरवडलेलं मांस रानात फेकू नये, कारण प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अनेक राज्यांत दुसरीकडून डोकं आणायला बंदी आहे, पण मेंदू पूर्ण काढलेली स्वच्छ कवटी चालते.

भारतात हे करता येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे, आणि जंगलात सापडलेली कवटी किंवा गळलेलं शिंगही घरी आणता येत नाही. हाडांचं हे शास्त्र हाताने शिकायचं असेल तर खाटकाकडून बोकडाची मुंडी आणावी. तिथे एक वेगळी गंमत दिसते. बोकडाचं शिंग हे हाडाच्या गाभ्यावर बसवलेलं केराटिनचं, म्हणजे नखाच्या पदार्थाचं, आवरण असतं. पंधरा-वीस दिवस पाण्यात राहिलं की हे आवरण हळूच पिळून टोपीसारखं काढता येतं. काळविटाच्या शिंगाची घडणही अशीच असते.

पेरॉक्साइडमधून काढलेली कवटी भरपूर पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, कडक उन्हात ती तडकते. ओली असताना ती करडी दिसते, पांढरेपणा पूर्ण वाळल्यावरच कळतो. सुटलेले दात पांढऱ्या गोंदाने आपापल्या खाचेत बसवावेत. मग दोन-तीन महिने ती कोरड्या जागी नुसती ठेवून पाहावी. शिंगांच्या बुडाशी पिवळा डाग उमटला, तर पेरॉक्साइडकडे न वळता कवटी पुन्हा साबणाच्या कोमट पाण्यात ठेवावी.