२४ सेकंदांचे गणित आणि सिराक्यूजचा हंगाम

२२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स या संघाने मिनियापोलिस लेकर्सना त्यांच्याच मैदानावर १९-१८ असे हरवले. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात याहून कमी गुणांचा सामना झालेला नाही. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा ६ फूट १० इंच उंचीचा खेळाडू होता आणि त्या दिवशीही संघाच्या १८ पैकी १५ गुण त्यानेच मिळवले. त्याच्याशी सरळ झुंज घेण्याऐवजी पिस्टन्सनी चेंडू नुसता आपल्या ताब्यात ठेवला, कारण तसे करण्यास नियमांची आडकाठी नव्हती.

प्रेक्षक कंटाळले, तरी संभाव्यतेच्या दृष्टीने पिस्टन्सचा हिशेब बिनचूक होता. समजा, एका संघाच्या १०० फेकींपैकी ४० बास्केटमध्ये जातात आणि दुसऱ्याच्या ३५. दोघांना प्रत्येकी ६० फेकी मिळाल्या, तर सरस संघ जिंकण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के येते. पण प्रत्येकी १० फेकींतच सामना आटोपला, तर ती सुमारे ५९ टक्क्यांवर उतरते (बरोबरीची शक्यता दोघांत निम्मी वाटून). प्रयत्न जितके थोडे, तितका नशिबाचा वाटा मोठा, आणि दुबळ्या संघाला हवा असतो तो हाच वाटा.

आघाडीवरचा संघही चेंडू असाच दाबून ठेवी. मग चेंडू परत मिळवण्यासाठी पिछाडीवरच्या संघाला मुद्दाम फाउल करावे लागत आणि सामना म्हणजे फ्री थ्रोंची, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकींची, रांग होऊन बसे. मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिराक्यूज या शहरांच्या संघांतील बाद फेरीचा सामना चार जादा डाव चालला. त्यात बोस्टनच्या बॉब कूझीने केलेल्या ५० गुणांपैकी ३० गुण फ्री थ्रोचे होते.

यावर तोडगा काढला तो सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन आणि व्यवस्थापक लिओ फेरिस यांनी. बियासोन मूळचे इटलीचे, बोलिंगच्या अड्ड्याचे चालक. रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० फेकी करतात, असे त्यांना आढळले होते. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. त्याला १२० ने भागले की २४ येतात. म्हणून नियम असा: चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांच्या आत फेक करायची, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. इतका साधा भागाकार एका खेळाचा कायापालट करतो, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. ऑगस्ट १९५४ मध्ये सिराक्यूजमधील एका शाळेत हे २४ सेकंद मोजणाऱ्या घड्याळाचे प्रात्यक्षिक झाले आणि त्याच हंगामापासून नियम लागू झाला. सोबत प्रत्येक सत्रातील सांघिक फाउलवरही मर्यादा आली. ती नसती तर घड्याळ असूनही फाउलचा मार्ग मोकळाच राहिला असता. प्रत्येक संघाचे सरासरी गुण एका वर्षात ७९ वरून ९३ च्या आसपास पोहोचले.

त्या १९५४-५५ च्या हंगामात नॅशनल्सनी ७२ पैकी ४३ सामने जिंकले. डॉल्फ शेज हा त्यांचा आधारस्तंभ होता, तर अर्ल लॉइड आणि जिम टकर हे एनबीए विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. अंतिम फेरीत समोर पिस्टन्सच होते. मालिका ३-३ अशी बरोबरीत आली आणि १० एप्रिल १९५५ रोजी सिराक्यूजमध्ये झालेल्या सातव्या सामन्यात पिस्टन्सनी दुसऱ्या सत्रात १७ गुणांची आघाडी घेतली. चार वर्षांपूर्वी त्यांनी इथेच चेंडू दाबून धरला असता. आता मात्र दोन्ही संघांनी प्रत्येक वेळी पूर्ण २४ सेकंद घेतले, तरी केवळ उत्तरार्धातच प्रत्येकाला सुमारे ३० संधी मिळणार होत्या, आणि तेवढ्या संधींत १७ गुण भरून निघणे अशक्य नव्हते. नॅशनल्सनी ते भरून काढले.

सामन्याची १२ सेकंद उरली असताना जॉर्ज किंगने फ्री थ्रोवर एक गुण मिळवून ९२-९१ अशी आघाडी घेतली. उरलेला वेळ २४ सेकंदांहून कमी असल्याने पिस्टन्सवर घड्याळाचे बंधन राहिले नव्हते. चेंडू हवा तितका वेळ जवळ ठेवून शेवटच्या क्षणी एकच फेक करण्याची मुभा त्यांना होती. ती फेक होऊ शकली नाही, कारण त्याआधीच किंगने अँडी फिलिपकडून चेंडू हिसकावून घेतला.