रमाबाई नगर गोळीबार (घाटकोपर, १९९७)

मुंबईत घाटकोपर पूर्वेला, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला अगदी लागून माता रमाबाई आंबेडकर नगर ही मोठी वस्ती आहे, बहुसंख्य लोक बौद्ध. ११ जुलै १९९७ ला सकाळी तिथे राज्य राखीव पोलीस दलाने (लोक नुसतं एसआरपी म्हणतात) नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली आणि २६ जण जखमी झाले. महाराष्ट्रात पोलीस गोळीबार आणि त्याची जबाबदारी हा विषय निघाला की रमाबाई नगरचं नाव येतंच, कारण चौकशी, खटला, शिक्षा, जामीन असं जे जे होऊ शकतं ते सगळं या एका प्रकरणात होऊन गेलंय.

त्या दिवशी पहाटे वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. लोक आधी जवळच्या पोलीस चौकीत गेले, तिथून त्यांना पंतनगर पोलीस स्टेशनला जा म्हणून सांगितलं, तोपर्यंत गर्दी वाढत गेली आणि सातच्या सुमारास हायवे अडवला गेला. साडेसातच्या आसपास एसआरपीची गाडी आली, ती पुतळ्यापाशी नाही तर तिथून काही अंतरावर थांबली, आणि पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) मनोहर कदम यांच्या हुकमावरून वस्तीसमोरच्या रस्त्यावर गोळीबार सुरू झाला तो दहा-पंधरा मिनिटं चालला. मेलेल्यांत काहीजण असे होते की ज्यांचा रास्ता रोकोशी काही संबंधच नव्हता. ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या १९९९ च्या अहवालात या घटनेवर सविस्तर मजकूर आहे, गोळ्या कमरेच्या वर लागल्याचं त्यात नोंदवलंय. जमाव नुसता पांगवायचा असेल तर गोळी खाली, पायाकडे मारायची असते, हे कुठलाही हवालदार सांगेल.

पोलिसांचं म्हणणं काय, तर हायवेवर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवणार होता, मग मोठा स्फोट होऊन शेकडो माणसं मेली असती, म्हणून गोळ्या चालवाव्या लागल्या. ऐकायला पटतं, आणि सुरुवातीला बऱ्याच लोकांना पटलंही. पण त्या दिवसाची जाळपोळ म्हणून जी दाखवली जाते ती बस गोळीबारानंतर काही तासांनी पेटवली गेली होती, म्हणजे माणसं मेल्यावर चिडलेल्या लोकांनी. आधी काय आणि नंतर काय हे उलटं केलं की सगळी गोष्टच उलटी होते. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने टँकरचा बचाव मान्य केला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि कदम यांना जबाबदार धरलं.

तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे गृहमंत्री. गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या चळवळीत वर्षानुवर्षं गाणारा माणूस, त्या धक्क्यातून सावरला नाही. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी तिथपासून पुढे १४ वर्षं या सगळ्याचं चित्रण केलं, म्हणून त्या वेळी जन्मालाही न आलेल्या पोरांना हे प्रकरण आज माहीत आहे.

आता आयोग म्हणजे नेमकं काय ते समजून घेतलं पाहिजे, कारण लोकांची इथेच गल्लत होते. आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमतात, त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, आणि आयोगापुढे एखाद्याने जे सांगितलं ते नंतर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही (खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून). म्हणजे आयोगाने दोषी म्हटलं तरी पोलिसांनी, तेही त्याच सरकारच्या पोलिसांनी, पुन्हा पहिल्यापासून तपास करायचा, पुरावा गोळा करायचा. वर्षं जातात ती इथे जातात. ७ मे २००९ ला, घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी, सेशन्स कोर्टाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. त्यांनी अपील केलं, हायकोर्टाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला.

कायद्यात दुसरी एक मेख आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ प्रमाणे बेकायदा जमाव पांगवायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस स्टेशनचा प्रमुख देऊ शकतो, तो नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. म्हणजे कदम बरोबर सगळ्यात खालच्या पायरीवर होते. कलम १३२ सांगतं की अशा कारवाईबद्दल सरकारच्या परवानगीशिवाय खटलाच भरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, नंबर बदलून १४८ ते १५१ झाले, गाभा तोच. रमाबाई नगरच्या लोकांची तक्रार नेमकी यावरच आहे, की सगळी जबाबदारी एका फौजदारापाशी येऊन थांबली, त्याच्या वरच्या कुणालाही कोर्टात उभं राहावं लागलं नाही. माझ्या मते ही तक्रार रास्त आहे.

गोळीबार तिथेच संपले असंही नाही. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना जलवाहिनीच्या विरोधात शेतकऱ्यांनी पुणे-मुंबई एक्सप्रेस वे अडवला, पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, आणि या वेळी सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादी होते. सरकार कुठलंही असो, जमाव चालून आला हे स्पष्टीकरण ठरलेलं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये पोलिसांविरुद्ध तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमा म्हणून राज्यांना सांगितलं होतं, महाराष्ट्राने तसा कायदा करायला २०१४ उजाडलं. रमाबाई नगरात दर ११ जुलैला लोक शहीद स्मारकापाशी जमतात, आणि मागणी एवढीच असते की वरच्यांचीही चौकशी व्हावी.