रेस खाली का येत नाही?

इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणाऱ्या भागाची, लिव्हर बोटाने दाबून सोडा. टक् करून जागेवर येते. आता गाडी सुरू करा, एक्सलेटर दाबून पाय उचला. रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, अर्ध्यावर लटकलेली! चवथीच्या तोंडावर, पावसाळाभर झाकून ठेवलेल्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर बाहेर निघतात तेव्हा गोव्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. मालक म्हणतो अडकतंय, मेस्त (मेकॅनिक) म्हणतो, कुठे अडकतंय, हे बघा. दोघंही खरंच सांगत असतात.

कार्बोरेटरच्या घशात पितळेची एक गोल चकती असते. गॅरेजात तिला बटरफ्लाय म्हणतात. एका पोलादी दांडीवर ती बसवलेली असते आणि दांडीची दोन टोकं कार्बोरेटरच्या अंगातल्या दोन भोकांत फिरतात. पाय दाबला की चकती उघडते, उचलला की स्प्रिंग तिला मिटवते. मिटलेल्या चकतीच्या पलीकडे पिस्टन हवा ओढतच असतात. तिकडचा दाब घटतो, अलीकडे मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हा फरक दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६ किलो भरतो. चकती ३२ मिलिमीटर व्यासाची धरली तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या इवल्याशा चकतीवर जवळपास ५ किलोचा भार! दांडी चकतीच्या बरोबर मधून जात असल्यामुळे हा भार चकतीला कुठल्याच बाजूला फिरवत नाही, तर दांडीला भोकाच्या एका कडेवर रेटून धरतो. इंजिन बंद केलं की तो नाहीसा होतो. मेस्ताला काहीच सापडत नाही ते यामुळे.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, हे गिलोम आमोंताँ या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच मांडलं होतं. आता यात स्प्रिंगची गंमत बघा. स्प्रिंग जितकी ताणलेली तितकी जोरात ओढते. चकती पूर्ण उघडी असताना स्प्रिंग सर्वांत ताणलेली असते आणि चकतीवरचा भार सर्वांत कमी. चकती मिटत आली की उलटं होतं. स्प्रिंग सैलावते आणि भार चढतो. वेगात असताना पाय उचलला तर पलीकडचा दाब आयडलिंगपेक्षाही खाली जातो. थोडक्यात, शेवटच्या चार-पाच अंशांत स्प्रिंग सर्वांत दुबळी आणि घर्षण सर्वांत जबर. रेस लटकते ती नेमकी इथे, आयडलिंगच्या थोडी वर.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे कडक स्प्रिंग. मला तो मुळीच पटत नाही. स्प्रिंग लिव्हरला ओढते तशी दांडीलाही एका बाजूला ओढते. दुप्पट कडक स्प्रिंग लावली की भोकावरचा रेटा वाढतो, भोक लवकर अंडाकृती होतं, त्या फटीतून जादा हवा आत शिरते आणि आयडलिंग बिघडतं. मग कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू पिळतो. दोन वर्षांनी कार्बोरेटरच बदलायची वेळ येते. कारखान्याने लिव्हरच्या लांबीचा आणि कोनाचा हिशेब करून स्प्रिंगची जागा ठरवलेली असते. तिथे नवं भोक पाडून स्प्रिंग भलतीकडे अडकवणं हाही त्याच जातीचा उद्योग.

पण मुळात घर्षण वाढतं कशाने? इथे गोव्याची हवा येते. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर ३३ टक्केच पुरतात, म्हणजे मे महिन्याच्या दुपारीही तो थर पुरता सुकत नाही. या खाऱ्या पाण्याच्या पापुद्र्यात पोलादी दांडी आणि जस्ताच्या मिश्रधातूचं कार्बोरेटर एकमेकांना चिकटून उभे राहिले की विजेचा बारीकसा घट तयार होतो. त्यात जस्त खपतं आणि पांढरी भुकटी उरते. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्या, गोळीचे सांधे, पिना पोलादीच असतात, तिथे तांबडा गंज चढतो. खपलेल्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा गंज घेतो. सांध्यात फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, मग तो घट्ट होणार नाही तर काय?

डिचोली, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यातल्या गाड्यांचं दुखणं जरा निराळं. तिथली तांबडी धूळ म्हणजे बव्हंशी लोहाची ऑक्साइडं. त्यातलं हेमेटाइट पितळेपेक्षा कितीतरी कठीण आणि साध्या पोलादालाही भारी पडणारं. दागिने घासून चकचकीत करायला जी तांबडी पूड वापरतात ती लोहाच्या ऑक्साइडचीच. अशा धुळीच्या सांध्यावर तेल ओतलं की वंगण होत नाही, घासायची पेस्ट होते. म्हणून आधी रॉकेल आणि ब्रश, मग तेल. क्रम उलटा झाला तर तेल न घातलेलं बरं.

डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी तयार झाला. त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो. अडकलेला सांधा सोडवायला उत्तम, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. आणि जुनं ग्रीस? ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल पाझरून जातं, उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनने चिकट होतं. पेडलच्या शाफ्टवर हा काळा डिंक बोटाने खरवडता येतो.

दोष शोधायचा तर साखळी मधेच तोडा. कार्बोरेटरच्या लिव्हरवरची दांडी काढा. लिव्हर एकटी फिरवून बघा, मग दांड्या एकट्या, मग पेडल. त्याआधी पेडलखालची रबरी मॅट सरकलेली नाही ना, हेही बघा. हसू नका, पुष्कळदा तेवढंच निघतं. दांड्यांची लिंकेज असलेल्या गाडीत इंजिनाखालच्या रबरी फाउंडेशनवरही नजर टाका. पेडल बॉडीला आणि कार्बोरेटर इंजिनाला बसवलेला असतो. रबर खचलं की जोर लागताना इंजिन कलतं आणि दांडी आपोआप ओढली जाते.

दांड्या निर्दोष निघाल्या तर संशय बटरफ्लायवर. आयडलिंगवर चकतीच्या दांडीच्या टोकाशी इंजिन ऑइलचा एक थेंब सोडा. क्षणभर आवाज बदलला तर भोक झिजलंय, तेलाने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. लेथवाल्याकडून भोक रीमरने मोठं करून पितळी बुश, म्हणजे बारीक नळी, बसवून घ्यावा. आवाज बदलला नाही तर चकती घशात तिरकी बसली असण्याची शक्यता. मिटलेली असतानाही ती घशाला बरोबर काटकोनात नसते, काही अंश कललेली असते. थांबा देणारा स्क्रू फार मागे घेतला तर ती पाचरीसारखी रुतते आणि पहिल्यांदा पाय दाबताना कचकन सुटते. यासाठी कार्बोरेटर उतरवून चकतीचे दोन स्क्रू किंचित ढिले करावेत, थांब्याचा स्क्रू पुरता मागे घेऊन लिव्हर दोन-तीनदा झटक्याने मिटवावी, चकती आपला मध्य आपणच शोधते. तशीच मिटलेली धरून स्क्रू आवळावेत. त्यांची टोकं पुन्हा ठोकून पसरवायला विसरू नये, कारण सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. शेवटी थांब्याचा स्क्रू पुन्हा एवढा आत घ्यावा की चकती रुतण्याआधी लिव्हर त्यावर टेकेल.

काम झाल्यावर गाडी गरम होऊ द्या आणि चालू इंजिनावरच लिव्हर अगदी सावकाश सोडून बघा. झटक्याने सोडलेली चकती वेगाच्या जोरावर शेवटचे अंश ओलांडते आणि दोष लपतो. सावकाश सोडूनही ती थांब्यावर टेकली तर ठीक, नाहीतर चोर्ला घाटाचा विचार सोडा.

घाटात चालत्या गाडीची रेस अडकलीच तर क्लच दाबा, लगेच इग्निशन बंद करा आणि ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. व्हॅक्यूम सर्वोच्या (इंजिनाच्या ओढीने ब्रेकला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत ब्रेक पंप करत बसलात तर साठलेली मदत दोन-तीन दाबांत संपते. चावी फक्त ऑफपर्यंत फिरवा, बाहेर काढू नका. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत चावी निघाली की चाक जागच्या जागी अडकतं.